पोच

बिस्कीट कॉफीत बुडवून तोंडाकडे न्यायचं, एवढंच नागभूषण करत होता. तेवढ्यात मीटिंगच्या खोलीतल्या स्पीकरमधून त्याच्या आईचा आवाज आला. "हो रे पुट्टा, बाळा, घेतली," आई म्हणाली. बिस्किटाचा भिजलेला तुकडा तुटून कपात पडला आणि कॉफीचे थेंब शर्टावर उडाले. टेबलाभोवती सहा-सात माणसं बसली होती, पण त्यांच्यातल्या कोणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. आवाज ऐकताना माणसं उगीचच स्पीकरकडे बघतात तशी ती सगळी तिकडे बघत होती. सकाळी ज्यांना ज्यांना परत परत फोन गेले त्यांच्यातल्या एका नंबराचं रेकॉर्डिंग इंचराने लावलं होतं. इंचरा त्याच्या हाताखाली काम करणारी, हुशार आणि थोडी फटकळ मुलगी. नंबराला नाव नव्हतं. अगदी सुरुवातीच्या चाचणीतले काही नंबर तसेच नावाशिवाय पडून होते, त्यातला हा एक. तिने हाच का काढला, तर या नंबरावरून फोन सगळ्यात जास्त वेळा उचलला गेला होता म्हणून. बाकीच्या म्हाताऱ्यांनी दोनदा-तीनदा ऐकलं आणि वैतागून फोन बंद करून टाकला. नागभूषणला तीर्थहळ्ळीच्या घरातली स्वयंपाकघराची खिडकी दिसली, खिडकीतला तो मोठ्या बटणांचा फोन दिसला, आणि तो वाजला की पदराला हात पुसत येणारी आई दिसली. फोन वाजतोय आणि आपण उचलला नाही, असं तिच्या हातून होणं शक्यच नव्हतं.

म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करून गोळीची आठवण करून द्यायची, हा त्यांच्या कंपनीचा धंदा. पैसे मुलं भरत, फोन मशीन करत असे आणि कन्नड फोनमधला आवाज नागभूषणचा होता. कंपनी नवी होती तेव्हा आवाजासाठी कलाकार परवडत नव्हता. मालक पूवय्या, कूर्गकडचा उंचापुरा, मोठ्याने बोलणारा माणूस, म्हणाला होता, "भूषण, तुझा आवाज हायस्कूलच्या मास्तरासारखा आहे. म्हातारी माणसं निमूटपणे ऐकतील." मग एका दुपारी बसवनगुडीच्या जुन्या ऑफिसात रस्त्याचा गोंगाट येऊ नये म्हणून डोक्यावर रजई घेऊन, घामाघूम होत, नागभूषणने ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. 'अम्मा, नमस्कार. सकाळची गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा. नसेल घेतली तर दोन दाबा.' पुरुषांसाठी तेच, फक्त अम्माच्या जागी अप्पा. रजईच्या आत त्याला आपलाच आवाज फार प्रेमळ वाटला होता. आवाज प्रेमळ निघावा म्हणून तेव्हा त्याने डोळ्यांसमोर आईलाच आणलं होतं, हे आता आठवून त्याचे कान तापले.

"दुसरा लाव," पूवय्या म्हणाला.

"अरे, घेतली ना," आई म्हणाली. "दाबलं की मी एक. पोचलं नाही का तुला? थांब, परत दाबते." मग बटणाचा बारीक आवाज.

तिसऱ्या फोनला ती म्हणाली, "नागू, इतक्यांदा का विचारतोयस रे? बायकोशी भांडलास का?"

खोलीत हसू फुटलं. पूवय्याने टेबलावर थाप मारली. "भूषण, ऐकलंस का? आजीने बरोबर ओळखलं तुला. आवाज ऐकून सांगते, हा घरून बोलणी खाऊन आलाय." कोणीतरी म्हणालं, "सार्, आता तुमचं बारसंही केलं तिने. नागू." आणि नागभूषण हसला. इतर हसतात तसाच, मान मागे टाकून, एक हात कपावर धरून हसला. ऑफिसात त्याला सगळे भूषण म्हणत. नागू हे नाव तीर्थहळ्ळीचा पूल ओलांडून कधी अलीकडे आलंच नव्हतं, त्यामुळे त्याने तोंड उघडलं नसतं तर कोणालाही काही कळणार नव्हतं. आणि त्याने तोंड उघडलं ते हसण्यासाठी. हसू संपत आलं तेव्हा त्याला वाटलं, आता सांगावं. ही माझी आई आहे. चार शब्द होते. पण आता ते सांगायचं म्हणजे मघाशी आपण का हसलो तेही सांगावं लागणार, आणि ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. शाळेत असताना आई डबा द्यायला आली, नऊवारीचा ओचा चिखलाने माखलेला, आणि वर्गातल्या पोरांनी विचारलं, कोण रे ही, तेव्हा तो म्हणाला होता, आमच्याकडे कामाला आहे. नाही. असं काही झालंच नव्हतं. आई नऊवारी नेसतच नसे, आणि डबा तो स्वतः घेऊन जायचा. पण आत्ता त्याला ते घडल्यासारखं आठवलं, आणि न केलेल्या त्या गोष्टीचीही लाज वाटली.

चूक त्याचीच होती, त्यात वाद नव्हता. त्यांच्याकडे सहा यंत्रं होती आणि सगळ्यांची मिळून कामांची एक रांग होती. कामं रांगेत टाकायची, जे यंत्र मोकळं असेल ते पुढचं काम उचलेल, काम झालं की रांगेला पोच देईल, मग रांग ते काम पुसून टाकेल. काम उचललं आणि तासाभरात पोच आली नाही, तर रांग समजते की ते यंत्र मेलं, आणि तेच काम दुसऱ्या यंत्राला देते. नव्या मुलांना तो हे बिस्किटांचा पुडा घेऊन शिकवायचा. एकाला बिस्कीट द्यायचा, खाऊन झालं की 'खाल्लं' म्हण, असं सांगायचा, आणि तो काही बोलला नाही की तसंच दुसरं बिस्कीट शेजारच्याला. पोरं हसत, आणि कधी विसरत नसत. विसरला तो स्वतः. सकाळी सगळ्या फोनांची एकदम गर्दी होते म्हणून त्याने काल बदल केला. उद्याचे सगळे फोन आदल्या संध्याकाळीच रांगेत टाकायचे, वर वेळ लिहून, की हे सातला कर, हे साडेसातला कर. करून बघितलं तेव्हा त्याने पाच-दहा मिनिटांनंतरची वेळ घालून बघितलं, आणि सगळं छान चाललं. चालणारच. काल रात्री मात्र यंत्रांनी कामं उचलली आणि सात वाजायची वाट बघत शहाण्यासारखी गप्प बसली. तास झाला, पोच आली नाही, रांगेला वाटलं यंत्र मेलं. तिने तेच काम दुसऱ्याला दिलं, मग तिसऱ्याला, मग फिरून पहिल्याला. कोणीच मेलं नव्हतं. सगळी जण तेच एक काम उराशी धरून बसली होती, आणि सकाळी सात वाजता एकामागून एक सगळ्यांनी ते इमानेइतबारे केलं.

"पुढचा," पूवय्या म्हणाला. त्याच्या आवाजात अजून हसू होतं.

"बरं," आई म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता. "नसेल घेतली. घेते हं." मग डबीचं झाकण. मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज, आणि एक घोट. नागभूषणला तो घोट ओळखू आला. पाणी पिताना आई गळ्यात एक छोटा आवाज करते, लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की तो कानाशी यायचा.

इंचरा हसायची थांबली. "सार्," ती म्हणाली, "हिने गोळी परत घेतली."

"कसली गोळी आहे?" पूवय्याने विचारलं.

"मधुमेहाची," नागभूषण म्हणाला. आपण पडद्याकडे न बघताच सांगितलं, हे त्याच्या लगेच लक्षात आलं, पण कोणी विचारलं नाही.

इंचराने पुढचा लावला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग आई म्हणाली, "मघाशी घेतली का रे मी? मला आठवेना. दाबलं होतं ना? आठवेना बघ." त्यानंतरच्या फोनला पुन्हा तेच, फक्त त्यात बटण दोनदा-तीनदा दाबल्याचा आवाज होता. आणि त्यानंतरचे फोन कोणी उचललेच नव्हते. इंचरा आपला मोबाइल हातात घेत म्हणाली, "मी लावते या आजीला." तिच्या हातातून मोबाइल काढून घ्यावा तसा नागभूषणने हात पुढे केला आणि म्हणाला, "नको. मी लावतो." आणि खुर्ची मागे सरकवून बाहेर जिन्यात आला.

जिन्यात कोणी नसे. खालच्या मजल्यावरच्या दर्शिनीतून, उभ्याने खायच्या हॉटेलातून, सांबाराचा वास वर येत होता आणि खिडकीच्या काचेवर कबुतरांनी घाण करून ठेवली होती. त्याने मोबाइल काढला, आणि आईचा नंबर शोधावा लागला. सारखा लावला जाणारा नंबर वरच सापडतो. आईचा खाली, फार खाली होता. शेजारच्या जलजक्काला आधी विचारावं, असं वाटलं, तर तिचा नंबर त्याच्याकडे नव्हताच. तो बायकोच्या मोबाइलमध्ये होता. दर रविवारी बायको आईला फोन लावायची, मुलगी दोन शब्द बोलायची, आणि तो पलीकडे पेपर वाचत म्हणायचा, विचारलं म्हणून सांग. त्याला काही वावगं वाटत नसे. सकाळचा फोन होताच ना.

तो सकाळचा फोन खरं तर आठ दिवसांसाठी होता. चाचणीला नंबर हवे होते, म्हणून त्याने आईचाही घातला. त्याआधी तो रोज सकाळी ऑफिसला निघताना स्वतः फोन करायचा. त्या आठ दिवसांतही करायचा. मग एक दिवस राहिला. मग वाटलं, आजचा मशीनने केलाय. रांगेत घातलेलं काम राहून जात नाही, माणसाचं राहतं. पुढच्या रविवारी आईने बायकोच्या मोबाइलवरून त्याला मुद्दाम बोलावून घेतलं आणि विचारलं, "सकाळी तू मधेच ठेवतोस का रे? मी बोलते ते ऐकू तरी येतं का?" तेव्हा सांगायची वेळ होती. अम्मा, ते मशीन आहे. तिला कळलं नसतं असं नाही, ती पंचायतीच्या निवडणुकीतले असले फोन ऐकून त्यांना शिव्या देत असे. पण तिच्या आवाजात एवढा आनंद होता, मुलगा रोज सातच्या ठोक्याला फोन करतो याचा, की तो म्हणाला, "ऑफिसच्या लाइनीवरून करतो अम्मा. त्या लाइनीवर माझं तुला ऐकू येतं, तुझं मला नाही येत. म्हणून एक दाबायचं. एक दाबलंस की मला कळतं." "आणि मला अहो-जाहो का करतोस? 'दाबा' काय?" "ऑफिसात सगळे असतात ना आजूबाजूला." आई खूप हसली होती. पुढे जलजक्काला सांगताना त्याने स्वतः ऐकलं होतं तिला, "ऑफिसात आईलाही मान देऊन बोलावं लागतं बाई."

आणि तरीही ती बोलत होती. आपलं त्याला ऐकू जात नाही, हे माहीत असून दर सकाळी बोलत होती. बटण दाबल्यावरही फोन काही वेळ चालू राहायचा आणि पलीकडचं बोलणं साठवून ठेवायचा, पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून. ते कोणी ऐकत नसे. दीड-दोन वर्षांच्या सगळ्या सकाळी तिथे पडून होत्या, त्याच्या टेबलापासून चार बटणांच्या अंतरावर, आणि त्याने एकही कधी उघडून बघितली नव्हती. एळ्ळ अमावास्येच्या जत्रेला गावी गेला होता तेव्हा नदीकाठी ओळखीची म्हातारी माणसं त्याला थांबवून म्हणत होती, "नशीबवान आहे तुझी आई, वारिजम्मा. आमची पोरं अमेरिकेत, सहा-सहा महिने आवाज नाही. तू रोज सातला. एकदाही चुकत नाहीस म्हणे." तो मान खाली घालून हसला होता. लोकांना तो विनय वाटला. घरी आल्यावर आईने त्याच्या पानात अप्पेमिडीचं, कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, तो झोपलेला असताना, खिडकीतला फोन वाजला होता. तो ताडकन उठून बसला होता. तिने उचलायच्या आत धावत जाऊन त्याने तो बंद केला आणि म्हणाला, "चुकीचा नंबर." ती म्हणाली होती, "तू इथे आहेस, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी आठवण झाली असेल माझी."

त्याने नंबर लावला. रिंग गेली, पुन्हा गेली. सुब्बक्का त्याच्या डोळ्यांपुढे आली. सुब्बक्का आईची थोरली बहीण. तिची सुरुवातही अशीच झाली होती, जेवले का मी, जेवले का मी, असं विचारण्यापासून, आणि शेवटी तिने सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही. तिचे पाय धुताना आई त्याला म्हणाली होती, "मला काहीही होऊ दे, पडू दे, आंधळी होऊ दे, पण हे नको." जास्तीच्या गोळीने साखर उतरून हात कापणं, घाम फुटणं, भोवळ, हे सगळं त्याच्या मनात होतंच, पण त्याहून वाईट ते होतं, आठवेना बघ, असं म्हणणारा तो बारीक झालेला आवाज.

फोन उचलला गेला. जिवात जीव येऊन तो म्हणाला, "अम्मा."

"हो रे बाबा, घेतली," आई थकून म्हणाली. "आता नको विचारू. दाबते." बटणाचा आवाज त्याच्या कानात वाजला आणि तिने फोन बंद केला.

त्याने पुन्हा लावला. "अम्मा, गोळी," तो घाईने म्हणाला, "गोळी किती..." आणि तिने पुढचं ऐकलंच नाही. पुन्हा बटण, पुन्हा बंद. ती निदान उभी होती, बोलत होती. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर मशीन म्हणणार नाही असं काहीतरी म्हणायला हवं होतं, पहिल्या शब्दालाच. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि आठवू लागला, पूर्वी स्वतः फोन करायचा तेव्हा काय बोलायचा. गोळी घेतलीस का. जेवण झालं का. पाऊस आहे का तिकडे. बरं, ठेवतो. त्याशिवाय एकही वाक्य आठवेना. मशीनला शिकवायला त्याला एक दुपार पुरली होती, याचं कारण एवढंच होतं.

दार उघडून इंचरा बाहेर आली. "सार्, उचलला का आजीने? मला आतून 'अम्मा' ऐकू आलं, मला वाटलं तुम्ही आपलंच रेकॉर्डिंग लावलंय."

"ती माझी आई आहे," नागभूषण म्हणाला.

इंचराने हातातला मोबाइल खाली घेतला. थोडा वेळ ती त्याच्या शर्टावरच्या कॉफीच्या डागांकडे बघत राहिली. "आम्ही हसलो, सार्," ती म्हणाली.

"मी पण हसलो."

"रांग मी थांबवलीये," ती म्हणाली. "सगळं रिकामं केलं. उद्या सकाळी कोणालाच फोन जाणार नाही. पूवय्या सरांना सांगू का, आजीचं?"

"सांग," तो म्हणाला. ती आत गेली. दार बंद होताना आतून पूवय्याचं मोठ्याने बोलणं आलं आणि मधेच थांबलं.

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला तेव्हा तो काहीच बोलला नाही. पलीकडे तव्यावर काहीतरी चरचरत होतं आणि परसात कावळा ओरडत होता. "हॅलो," आई म्हणाली. तो गप्प राहिला. "नागू?" आई म्हणाली. "काय रे? नमस्कारही नाही केलास."

"अम्मा," तो म्हणाला, आणि तिने बटण दाबायच्या आत, "ठेवू नकोस. मला ऐकू येतंय."

"काय?"

"तुझं मला ऐकू येतंय, अम्मा. बोल."

"ऐकू येतंय?" आईचा आवाज एकदम उजळला. "लाइन दुरुस्त केली का तुमच्या ऑफिसने?"

"हो," तो म्हणाला. किती सहज म्हणाला. जीभ सरावलेली होती.

"बरं झालं बाई. मला सांगायचंच होतं. नागू, आज माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी दोन गोळ्या घेतल्या रे. हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढे काजवे. जलजा ताक मागायला आली म्हणून बरं, तिने मला बसवलं, साखर घालून कॉफी पाजली, पोटभर उप्पिट खायला घातलं. दुपारपर्यंत इथेच बसते म्हणालीय, ही काय, दोसे घालतेय. आता काही नाही मला. पण ते सोड. मला आठवेना, नागू. घेतली की नाही, दाबलं की नाही. सुब्बक्काचं असंच सुरू झालं होतं. सुनेला सांगू नकोस, ती घाबरेल. मी ठरवलंय, उद्यापासून गॅस मी लावणार नाही. जलजाकडून डबा घेईन. देवापुढचा दिवासुद्धा तिच्याच हातून लावून घेईन, मी लावला आणि विसरले तर घर जाईल."

"अम्मा, तू विसरली नाहीस," तो म्हणाला. "लाइनीचा घोटाळा झाला होता सकाळी."

"लाइन काय करणार रे? तू विचारलंस ना? तुझ्या तोंडचं मी ऐकलं. मी दाबलं असतं तर तुला कळलं असतं, आणि तू परत विचारलं नसतंस. तू काय उगीच विचारशील?" ती समजूत काढावी तसं बोलत होती. "वय झालं पुट्टा. होतं असं. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

नागभूषण पायरीवरून उठला. हे असंच राहू दिलं तर काय होईल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तिचा मुलगा रोज सातला फोन करणारा राहील, नदीकाठची माणसं तिला नशीबवान म्हणत राहतील, आणि ती स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी बसून राहील, आपलं डोकं गेलं असं मानून. रोज फोन करणारा मुलगा आणि शाबूत डोकं, दोन्ही तिच्याजवळ राहणार नव्हतं. खालून कोणीतरी दोन मसाला दोसे, एक साधा, असं ओरडलं.

"मी विचारलं नाही, अम्मा," तो म्हणाला. "सकाळचा फोन मी करत नाही. मशीन करतं. माझा आवाज त्यात भरून ठेवलाय. ते शेकडो लोकांना हेच विचारतं, अम्मा नमस्कार म्हणून. आज ते बिघडलं. माझ्याच चुकीने बिघडलं. पहिल्या फोनच्या आधीच तू गोळी घेतली होतीस."

तव्यावरची चरचर थांबली. तिने जलजक्काला खूण केली असावी.

"आजचे सगळे फोन मशीनचे?" आईने विचारलं.

"सगळे."

"आणि रोजचा?"

"रोजचाही."

मग ती म्हणाली, "तुंगेला पाणी आलं होतं त्या सकाळचा? पाणी अंगणात तुळशीपर्यंत आलं होतं. मी तुला म्हटलं होतं, तू काळजी करू नकोस, मी माळ्यावर जाऊन बसते. तो?"

पाणी तुळशीपर्यंत आलं होतं, हे त्याला आज कळत होतं. "तोही," तो म्हणाला.

"बरं," आई म्हणाली.

कावळा अजून ओरडत होता. आता ती रागावेल, असं त्याला वाटलं, आणि रागावली तर बरं, असंही वाटलं. पण ती काहीतरी जुळवून बघत असावी. "म्हणजे मी घेतली होती," ती म्हणाली.

"हो."

"आणि एक दाबलंही होतं."

"हो अम्मा. दर वेळी दाबलंस. सगळं आहे माझ्याकडे."

"मग मी विसरले नव्हते." तिने मोठा श्वास सोडला. तो सुटकेचा होता, खराखुरा, आणि जिन्यात उभ्या असलेल्या नागभूषणला तो सहन झाला नाही. पलीकडे ती जलजक्काला सांगत होती, "ऐकलंस का, माझं डोकं शाबूत आहे. मशीनच बिघडलं होतं." जलजक्काने काहीतरी विचारलं. कसलं मशीन, असं विचारलं असावं. त्यावर आईने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

"अम्मा," तो म्हणाला, "मला लाज वाटते. उद्यापासून मी स्वतः फोन करीन. मशीन बंद केलंय. मी स्वतः करीन, सातला." हे सगळं त्याने एका दमात म्हटलं, आणि म्हणतानाच त्याला ऐकू आलं की आवाज तोच आहे, रजईच्या आतला, प्रेमळ.

आईने फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मग त्याच्या कानात बटणाचा तो बारीक आवाज वाजला. तिने एक दाबलं होतं.